पेचकसची खोड

संगणक दुरुस्त करणाऱ्या त्या किडकिडीत माणसाला सगळी गल्ली पेचकस, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर, म्हणायची. तक्रार काहीही असो, हा पठ्ठ्या आधी मशीनची पाठ उघडणार, आतली डिस्क काढून तिची नक्कल उतरवून घेणार, मगच आजाराला हात घालणार. गिऱ्हाईक वैतागायचं. पण धंद्याच्या पहिल्याच वर्षी त्याच्या हातून एका आईच्या गेलेल्या लेकीचे फोटो पुसले गेले होते. त्या माउलीचं रडणं काही त्याच्या कानातून जात नव्हतं.

त्या दिवशी भरदुपारी कोपऱ्यावरची कपडे शिवणारी बाई लॅपटॉप छातीशी धरून आली. एक डोळा सुजून बंद झालेला.

"दादा, पासवर्ड आठवत नाही हो. परवाच बदलला. कळल्यावर त्यांनी माझं डोकं चौकटीवर आपटलं. तेव्हापासून सगळं कोरं."

आत चार वर्षांच्या मारहाणीचे फोटो होते, तारीखवार. उद्या कोर्टात ते दाखवले नाहीत, तर तिची लेक त्या नवऱ्याच्या ताब्यात जाणार होती.

"पासवर्ड गेला खड्ड्यात, ताई. फोटो डिस्कवर आहेत ना? मग झालं तर!"

पेचकसने डिस्क काढली, टेबलाखालच्या आपल्या मशीनला जोडली, नक्कल सुरू केली आणि स्क्रू हरवू नयेत म्हणून लॅपटॉपचं झाकण परत बसवलं. तेवढ्यात नवरा दारात.

"इथे आलीस होय गं!"

शटर ओढायची सळई त्या मेल्याच्या हाताशीच होती. ती त्याने बायकोवर उगारली. पेचकस मध्ये घुसला आणि फटका त्याच्या तोंडावर बसला. दोन दात पडले, ओठ फाटला, शर्ट रक्ताने भिजला. तरी सळई थांबेना. खांद्यावर, बरगडीवर, मग टेबलावरच्या लॅपटॉपवर. पडदा फुटला, बटणं उडाली, तरी हा घाव घालतोच आहे. त्याचा गळा दाबावा असं पेचकसला वाटत होतं, पण हात उचलला जात नव्हता. टेबलाखाली मात्र नजर जाऊ द्यायची नाही, एवढं त्याने पक्कं ठरवलं.

"आता दाखव कोर्टाला!" नवरा सळई फेकून निघून गेला.

बाई तुकडे गोळा करायला लागली. "संपलं हो दादा. लेक गेली माझी."

"अहो, ते रिकामं खोकं होतं!" पेचकस रक्त थुंकत म्हणाला आणि त्याने आपल्या मशीनचा पडदा तिच्याकडे वळवला. एकेक फोटो उघडत गेला. मान, पाठ, मनगट. बाई एका डोळ्याने बघत राहिली, रडली नाही. मग तिने पर्समधून मोबाइल काढला.

"दादा, तोंड जरा उजेडाकडे करा."

"कशाला?"

"हाही त्यातच ठेवते. आजच्या तारखेने."