दम लागतो का?

नव्वद साल नुकतंच उलटलं होतं. मी डोंबिवलीची, शारीरिक शिक्षणाच्या पदव्युत्तर वर्गातली, आणि प्रबंधाला विषय घेतलेला आगीच्या बंबावरच्या जवानांचा: त्यांचा दम किती, आणि व्यायामाने तो वाढतो का. कल्याणच्या बाजूच्या एका अग्निशमन केंद्रात परवानगी मिळाली. ही पोरगी काय मोजणार, अशा नजरेने सगळे बघत होते. मी लक्ष दिलं नाही, सवय होती.

आधी फॉर्म वाटले. पहिलाच प्रश्न, 'जिना चढताना दम लागतो का?' एकूणएक जवानाने 'नाही' लिहिलं. मग बाकावर पाच मिनिटं चढ-उतर करायची आणि थांबल्यावर नाडी मोजायची. ताल मी लेझमीवर धरला. निम्म्यांच्या नाड्या धावत सुटलेल्या! कोळीवाड्यातले एक काका, वीस वर्षं बंबावर काढलेले, ते तर तिसऱ्या मिनिटालाच खाली बसले आणि बुटाची नाडी सुटली म्हणाले. माझं डोकं सटकलं. सगळ्यांदेखत मी म्हणाले, नाचता येईना अंगण वाकडं. पोरं हसली, काका मान खाली घालून नाडी बांधत राहिले.

चहाच्या वेळी ते माझ्याजवळ आले.

"बाय, यो कागद सायेब बघनार का?"

बघतील की, मी म्हटलं. तेव्हा त्यांनी हळूच सांगितलं: 'हो' लिहिणाऱ्याला बंबावरून उतरवतात आणि फोनवर बसवतात. आगीची वर्दी आली की त्याने ती लिहून घ्यायची, बंब निघून गेलेला बघायचा, आणि मागे बसायचं. त्यापेक्षा नोकरी सोडीन, म्हणाले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं बोलला तर माणूस बंबावरूनच उतरेल असा प्रश्न विचारला होता मी, वर त्यालाच खोटारडा ठरवलं! त्याच संध्याकाळी ते फॉर्म फाडले. नवे केले, त्यावर नाव नाही, नुसता आकडा. कुठला आकडा कोणाचा, ती यादी माझ्या पर्समध्ये. केंद्राच्या साहेबांनी यादी मागितली, मी दिली नाही. दम मोजायला आलेल्या मलाच त्यांनी दम दिला. परवानगी काढून घेईन म्हणाले, पण घेतली नाही.

मग दोन महिने आठवड्यातून तीनदा सकाळी व्यायाम. खांद्यावर पाण्याच्या होजची गुंडाळी घेऊन जिने चढायचे, वेग आपला आपण राखायचा, आणि दम लागला की जोडीदाराला मोठ्याने सांगायचं. चढणं सगळ्यांना जमलं. सांगणं कोणालाच जमेना, लाज वाटायची. काका तर ओठ मिटूनच चढायचे.

शेवटच्या चाचणीच्या दिवशी मी बाक मांडते न मांडते तोच वर्दी आली, डोंबिवलीला रसायनांच्या गोदामाला आग. बंब गेला. मी थांबले. उन्हं उतरताना सगळे परतले, काजळीने ओळखू न येणारे. काकांच्या जोडीला असलेला तरुण जवान साहेबांना सांगायला लागला, की आत धुरात काकांनी खांद्यावर थाप मारली, "दम लागला, चल भायेर," असं ओरडले आणि त्यालाही ओढून बाहेर आणलं. त्याला स्वतःला केव्हाचं गरगरत होतं, पण म्हातारा उभा आहे तर आपण कसं बोलायचं, म्हणून तो गप्प होता.

काकांचा चेहरा उतरला. झालं, आता फोन, असंच मलाही वाटलं.

साहेबांनी विचारलं, मग पुढे? काका म्हणाले, पाणी प्यालो, जरा टेकलो, परत आत गेलो.

साहेब म्हणाले, "उद्यापासून नव्या पोरांना हे तुम्ही शिकवायचं. बंबावर राहूनच."

काका मटकन खाली बसले आणि हुंदके देऊन रडले. मीही रडले, लपवलं नाही. ती चाचणी त्या दिवशी राहूनच गेली.