वाटाघाटीचे गुण

घरात तिला सगळे वकीलबाई म्हणायचे. लहानपणी भावाशी भांडण झालं तरी ती रडायची नाही, मुद्दे मांडायची. पुढे तिने राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय घेतला, तेव्हा काका म्हणाला, "घरातली भांडणं कमी पडली वाटतं, म्हणून आता देशांची!" बाबांचं शिवणकामाचं दुकान होतं. गिऱ्हाइकाच्या पोटाला फीत लावता लावता ते सांगायचे, "आमची पोरगी राजदूत होणार बरं का," आणि गिऱ्हाईक बिचारं श्वास रोखूनच "हो का!" म्हणायचं.

अभ्यासक्रमातलं एक वर्ष परदेशी विद्यापीठात काढायचं होतं. तिथे वसतिगृहात तिच्या खोलीत एक उंचच उंच मुलगी होती, तिसऱ्याच देशातून आलेली. वकीलबाईने तिचं नाव शिडी ठेवलं. तिनेही हसून घेतलं. दोघींची चांगली गट्टी जमली. शिडी घराबद्दल मात्र चकार शब्द काढायची नाही.

त्यांना शिकवणारे सर म्हणजे मोठं प्रस्थ. खऱ्याखुऱ्या शांतता-चर्चेत सल्लागार म्हणून बसून आलेले. दरवर्षी ते वर्गाकडून खोट्या वाटाघाटी करून घ्यायचे. दोन देश, मधे नदी, नदीच्या खोऱ्यावरून आणि मुखाशी असलेल्या बंदरावरून भांडण. नावं सगळी मनाची. या वर्षी एका बाजूची प्रमुख वकीलबाई झाली, आणि तिच्या गटात शिडी. भिंतीवर नकाशा लागला, तसं शिडीचं बोलणंच बंद झालं. वकीलबाईला वाटलं, बरं नसेल.

चर्चा खोऱ्यापाशी अडली. सगळे कंटाळले होते, बिस्किटांचा चुरा कागदांवर सांडला होता. समोरच्या गटातला एक जण म्हणाला, "तुम्ही बंदर घ्या, खोरं आम्हाला द्या. गावं काय, हलवू की!" वर्गात खसखस पिकली. वकीलबाईने मान डोलावली. कुणीतरी दातांनी पेनाचं टोपण उपसून नकाशावर रेघ मारली. टाळ्या झाल्या. करारावर सही वकीलबाईची.

बाहेर जिन्यावर शिडी म्हणाली, "नदीचं ते वळण बघितलंस? त्याच्या आतलं गाव आमचं होतं. सरांनी नावं बदलली, नकाशा उलटा टांगला, बस्स. बाकी सगळं तेच."

"आणि सर?"

"तेव्हाही तिथेच होते. खऱ्या टेबलाशी."

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"मला बघायचं होतं, तुम्ही तरी काही वेगळं करता का."

वकीलबाई तडक सरांच्या खोलीत गेली. सर संत्रं सोलत होते.

"सर, ज्या खोऱ्याचा आम्ही खेळ केला, तिथून हाकललेली मुलगी तुमच्याच वर्गात आहे."

सरांचा चेहरा उजळला. चक्क उजळला! "काय सांगतेस! मग पुढच्या तासाला तिला बोलायला लावू. वर्गाला केवढा अनुभव मिळेल!" त्यांनी एक फोड चोखली, बी नकाशाच्या प्रतीवर थुंकली. "आणि तुझा हा संताप अहवालात लिही बरं का. आत्मपरीक्षणाला मी वेगळे गुण ठेवतो."

त्या ओल्या बोटांची, त्या कौतुकाची तिला शिसारी आली. सगळ्यात जास्त किळस आली ती स्वतःच्या सहीची. तिने अहवाल दिलाच नाही. करारावरची सही मागे घेते, एवढं एका ओळीत लिहून दिलं. निकाल लागला तेव्हा तिला वर्गात सर्वांत जास्त गुण होते. शेरा होता: "निषेधाच्या तंत्राचा प्रभावी वापर."

शिडीची गोष्ट वर्गात पसरली, तशा वर्गातल्या दोघी हळहळत खोलीवर आल्या. "तुला नेमकं कसं वाटलं गं?" असं शिडीला विचारताना एकीने फोन हळूच उशीवर ठेवला, आवाज टिपायला. वकीलबाईने दोघींना दंडाला धरून बाहेर काढलं.

परत येऊन तिने शिक्षण पुरं केलं, पण परराष्ट्र खात्याच्या परीक्षेला बसली नाही. बाबांनी महिनाभर अबोला धरला. "एवढं शिकलीस, आणि आता?" या प्रश्नाला ती एकच सांगायची, "बाबा, ओकारी येते हो मला." शेवटी ती नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात लागली. गल्ल्यांमधली भांडणं ऐकते, आणि नळ स्वतः बघून आल्याशिवाय कागदाला हात लावत नाही. वरिष्ठ तिला आगाऊ समजतात.

शिडी मात्र त्याच क्षेत्रात गेली. आता ती खऱ्या वाटाघाटींच्या टेबलाशी बसते. सरही कधीमधी तिथे येतात, तिच्याशी हात मिळवतात.

"तुला त्यांच्याशेजारी बसवतं तरी कसं?" वकीलबाई फोनवर कडाडली.

"तू उठून गेलीस, म्हणून काय खुर्ची रिकामी राहिली?" शिडी म्हणाली.

वकीलबाईला मात्र आजही संत्र्याचा वास सहन होत नाही.