मानेचा हेवा

रग्बीचं वेड माझं, आणि रग्बीची मान मात्र माझ्या चुलत भावाला! स्क्रममध्ये डोकी खाली घालून, खांद्याला खांदा लावून समोरच्या संघाला रेटायचं असतं. तिथे मांड्या, कंबर, पाठ सगळंच लागतं, पण मान कच्ची असली की बाकीचं फुकट. मी कर्जतच्या जिममध्ये वर्षानुवर्षं घाम गाळला. हा पळसदरीहून सहज बघायला म्हणून आला, हौसेने स्क्रममध्ये घुसला आणि पहिल्याच धडकेत आमची अख्खी रांग मागे सरकली. कोचनी त्याच्या मानेवर थाप मारून विचारलं, "ही कुठल्या जिमची?" माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

काकीला कारण विचारलं तर ती म्हणाली, "अरं, ल्हानपनापासून भाताचं भारं डोक्यावर घेऊन खळ्यावर आनतो ना तो."

मग काय! कापणीला मी न बोलावता शेतावर हजर. डोक्यावर चुंबळ ठेवून सगळे भारे मीच वाहिले. त्याला एकालाही हात लावू दिला नाही. तो आंब्याखाली बसून चहा पीत राहिला.

संघाची निवड त्याच आठवड्यात होती, आणि कोचनी त्यालाही बोलावलं होतं. माझी मान इतकी आखडली होती की बाजूला बघायचं तर अख्खं वळावं लागत होतं. तो ताजातवाना. निवड त्याचीच झाली.

परतताना त्याने माझा दुखरा खांदा प्रेमाने दाबला. "पुढल्या साली पन येशील ना रं भारं वाहायला? मला तवा मॅच असंल."