दप्तरमावशी रोह्याला गेली

रस्त्याने जाणाऱ्या कुठल्याही पोराला थांबवून त्याचं दप्तर स्वतःच्या खांद्याला अडकवून बघायची तिला सवय होती. ओळख असो वा नसो. पेणच्या एसटी स्टँडवर, रामवाडीच्या नाक्यावर, भाजी घेताघेता. "आण रे इकडं," म्हणायची, चार पावलं चालायची आणि तोंड वाकडं करून विचारायची, "काय रे, घर बांधायला काढलंस काय? इटा भरल्यास ह्यात?" पोरं खुदखुदायची. एरवी मला ओळखही न दाखवणाऱ्या त्यांच्या आया तिच्याशी बोलत उन्हात उभ्या राहायच्या, आणि मी शेजारी भाजीची पिशवी धरून. पोरांनीच तिला दप्तरमावशी करून टाकलं. माझं कुणी काही नाव ठेवलं नाही.

आम्ही दोघी फिजिओथेरपिस्ट, कॉलेजात एका बाकावरच्या. पण क्लिनिक माझं. जागा माझ्या सासऱ्यांची, बोर्डावर नाव माझं, शेकाचं मशीन मी निवडलेलं. तिला मीच बोलावून घेतलं, हे मी पुढे स्वतःला बरेचदा ऐकवलं. ती चांगली उंच, रुंद हाडाची. मी तिच्या खांद्याला लागते. त्यामुळे महिन्याभरात ती 'मोठ्या मॅडम' झाली आणि मी नुसती 'मॅडम' राहिले. डोलवीच्या कंपनीतून शिफ्ट संपवून कंबर धरून येणारी माणसं दारातूनच विचारायची, "मोठ्या मॅडम हायत का?"

"यायच्यात अजून. मी आहे ना."

"नाय, बसतो आम्ही."

आणि खरंच बसायची. कंबर दुखत असताना, त्या कडक बाकावर. ती हसत, उशिरा, केस कसेतरी बांधून यायची. मी वेळेवर आलेली, इस्त्रीचा ॲप्रन घातलेली, मशीनशेजारी बसून राहायची.

"माणूस आधी हसला पायजे. हसला की निम्मी पाठ आपोआप सैल पडते," असं ती म्हणायची. मला हे कुठल्या पुस्तकात सापडलं नव्हतं. पण तिच्या खोलीतून हसण्याचा आवाज यायचा आणि मग रोगी ताठ चालत बाहेर पडायचा. एकदा मीही एका आजोबांच्या गुडघ्याला शेक देताना विनोद करून पाहिला. त्यांनी काळजीने विचारलं, "मॅडम, तुम्हाला बरं नाय का?"

पेणमधल्या एका शाळेने आम्हाला दप्तराच्या ओझ्यावर बोलायला बोलावलं. मी आठवडाभर खपून पडद्यावर दाखवायची चित्रं केली. दप्तर मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्शापेक्षा जड नको, दोन्ही पट्टे दोन्ही खांद्यांवर हवेत, जड वह्या-पुस्तकं पाठीलगत ठेवावीत, दप्तर कमरेखाली लोंबू देऊ नये. एकही चूक नाही. मुलं जांभया देत होती. मग ती उठली. समोरच्या एका मुलाचं दप्तर उचललं आणि सरळ मुख्याध्यापिकाबाईंच्या पाठीवर चढवलं. "बाई, एकदा वरच्या मजल्यावर जाऊन येता काय?" बाई मोठ्या मनाच्या, गेल्या. घाम पुसत खाली आल्या आणि तिथल्या तिथे सांगून टाकलं, की जाड पुस्तकं यापुढे वर्गातल्या कपाटात राहतील. काय टाळ्या पडल्या! स्थानिक पेपरात फोटो आला. मधोमध ती, शेजारी बाई, भोवती मुलं आणि अगदी कडेला एक कोपर. ते माझं होतं.

हे सगळं मी गिळलं असतं. माझ्या मुक्ताचं मात्र गिळता आलं नाही.

मुक्ता तेव्हा सातवीत होती. तिची पाठ दुखायची. मी तिला तपासलं, व्यायाम दिले, कमरेला पट्टा असलेलं चांगलं दप्तर आणलं. जाता-येता "सरळ चाल" सांगितलं. ती निमूटपणे सगळं करायची आणि तरी खांदे पाडून चालायची, पाठ दुखतच राहायची. एका दुपारी मी बँकेतून क्लिनिकवर परतले, तर मावशीच्या खोलीच्या पडद्याआडून मुक्ताचा आवाज आला. फटीतून पाहिलं. मुक्ता टेबलावर बसलेली, दप्तर मावशीच्या खांद्यावर.

"मुक्ते, आज काय काय तास होते गो?"

"मराठी. गणित. चित्रकला."

"मग हा शब्दकोश कशाला? आणि हे बाबांचं जाडं पुस्तक?"

मुक्ता रडायलाच लागली. "मावशी, आईला नको ना सांगू. दप्तर जड असलं की उंची खुंटते म्हणतात. मला खुंटायला हवीय. मुलं मला खांब म्हणतात."

मुक्ता वर्गात सगळ्यांत उंच, हे मी कौतुकाने चारचौघांत सांगत असे आणि ही बिचारी रोज ओझं लादून स्वतःला दाबत होती. पण खरं सांगायचं तर त्याच्याही आधी मनात आलं ते हे, की हिने तिला सांगितलं. मला नाही.

तेवढं एकदा मावशी हसली नाही. दप्तर खाली ठेवून तिच्याशेजारी बसली. "रोह्याच्या शाळेत मला इजेचा खांब म्हणायचे. मी पण वाकून चालायची. आठवीत पाठ धरली, तरी उंची काय कमी झाली नाय. ओझ्यानं उंची जात नाय गो, नुसती पाठ जाते. ही पुस्तकं आज घरी काढून ठेव. आणि आईला तूच सांग. मी नाय सांगणार."

मुक्ताने रात्री जेवताना सांगितलं. मी विचारलं, "मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू आई आहेस. तू मला छानच म्हणणार. मावशी उंच आहे."

पदवी घेता येते, मशीन घेता येतं. उंची कुठून आणायची?

पाठ बरी झाली. मुक्ता ताठ चालू लागली, पण चाल मावशीची, हात मागे बांधून, लांब ढांगा टाकत. शेजारच्या बायकांनी कौतुक केलं की मी म्हणायची, "व्यायाम मी दिलेत."

मग एक दिवस चहा पिताना मावशी म्हणाली, "अगो, मी रोह्याला सोताचं क्लिनिक काढते. बाबा एकटे पडलेत. कोलाडकडची माणसं इथवर येतात, त्यांनाही जवळ पडेल." मी "छान" म्हटलं. किती वेळा मनात हेच मागितलं होतं! आनंद झालाही, संध्याकाळपर्यंत टिकला. पुढच्या आठवड्यापासून बाकावरची माणसं विचारू लागली, "रोह्याला कुठं बसतात त्या?" मी पत्ता सांगायची. पुढे पुढे तर मुक्ताच सांगायची, कुठल्या गाडीने जा, कुठे उतरा, सगळं.

आता मुक्ता कॉलेजात आहे. मागच्या महिन्यात मावशीने क्लिनिक मोठ्या जागेत नेलं आणि फीत कापायला मुक्ताला बोलावलं. मी गर्दीत मागे उभी होते, टाचा उंचावून. दारात त्या दोघी, सारख्या उंच, माना सारख्याच वर. माझ्या पुढ्यातली एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "लेक अगदी आयशीवर गेलीय गो!"

मावशीने ऐकलं आणि ती खळखळून हसली. "नाय ओ आजी, आई ती बघा, तिकडं मागं!"

सगळी गर्दी वळली. मी हात वर केला. म्हातारीने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं, जास्त वेळ लागला नाही. मग पुन्हा त्या दोघींकडे पाहिलं. तिला काही ते पटलेलं दिसलं नाही.