नाच सुचेनासा झाला तेव्हा

“पाय ठणठणीत आहेत, बाई. हृदयही. याला न्यूरस्थेनिया म्हणतात,” नंदुरबारच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले. मला काही कळलं नाही. मग त्यांनी उलगडून सांगितलं: विसावा न घेता राबलं की नसा दमतात, मन चालेनासं होतं.

मला रडूच आलं. वेड नाही, करणी नाही, एवढं तरी कळलं.

मी तमाशाच्या फडात नाच बसवायची. फड माझ्या थोरल्या बहिणीचा, केशरअक्काचा. अकरा वर्षं दर हंगामाचे नवे नाच मीच रचले. त्या दिवाळीनंतर एका सकाळी सहाजणी समोर उभ्या राहिल्या, ढोलकी सुरू झाली, आणि मला एक पाऊल सुचेना. दुसऱ्या दिवशीही तेच. पुढे ढोलकी ऐकली की पाय दुखतात म्हणून मी उठून जायची, घास उतरायचा नाही. अंगारे झाले, काढे झाले. नाच सुचत नाही हे मात्र लाजेने कुणाला सांगितलं नाही; पहिल्यांदा सांगितलं ते डॉक्टरांनाच.

दवाखान्यात आठ दिवस ठेवलं. रक्त, लघवी तपासली. ब्रोमाइड, म्हणजे नसा शांत करणारं खारट औषध, रोज दोनदा. बाकी व्हरांड्यात बसून राहणं. शेवटी डॉक्टर म्हणाले, “तीन महिने कुणाला शिकवायचं नाही.”

“तवलोंग जत्रा सरी जातीन!” मी म्हटलं. तोवर जत्रांचा हंगामच संपणार होता.

अक्काने माझा हात धरला. “आम्ही जुनंच नाचसूत. तू ऱ्हायनी तं फड शे.” मी राहिले तरच फड, असं तिचं म्हणणं.

मी ब्राह्मणपुरीला मावशीकडे राहिले. जुन्याच नाचांना जत्रेत लोकांनी पुन्हा पुन्हा दाद दिल्याचं कळलं. खरं सांगते, आनंदाआधी राग आला. नव्यासाठी कुणी माझ्या मागे लागलं नव्हतं, मीच माझ्या मागे लागले होते, हे उमगायला आणखी महिना गेला.

फडात परतले तेव्हा मागच्या रांगेतली गंगू स्वतः रचलेला नाच इतरांना दाखवत होती. मला बघून थबकली. एरवी मी आधी चुका काढल्या असत्या. त्या दिवशी पदर खोचून मागे उभी राहिले.

“परत दखाड, गंगू.”

“मी तुमले शिकाडू?”

“हा.”

चौथ्या पावलाला मी चुकले. सगळ्या हसल्या, मीही हसले.

तुमच्यापैकी कुणाचं मन असं रितं झालं, तर माझ्यासारखं लपवू नका. मी आता हंगामाला एकच नाच बसवते. बाकीचे फडातल्या बायका बसवतात, आणि मी त्यांच्याकडून शिकते.