आक्रा ते दार-ए-सलाम, सहा तास

विमानाने माणसामाणसांतलं अंतर कायमचं पुसून टाकलं आहे. हे वाक्य माझं नाही. २००५च्या गणपतीत, आमच्या एडिसन गावात शाळेच्या भाड्याने घेतलेल्या हॉलमध्ये, मंडळाच्या एका काकांनी ते माइकवरून तीनदा म्हटलं. ऑफिसात आठवडाभर सॉफ्टवेअरचं रिलीज चाललेलं, त्यामुळे मी तिन्ही वेळा डोळे मिटून ऐकलं.

नंतर पुरी-भाजीच्या रांगेत त्यांनी मला गाठलं. "तुझी बहीण दार-ए-सलामला शिकवते ना? माझा पुतण्या आक्राला इंजिनिअर आहे. दोघंही आफ्रिकेतच! बघण्याचा कार्यक्रम उरकून टाकू."

आई-वडील गेल्यापासून बहिणीची स्थळं बघणं माझ्याकडे होतं. ती तेहतीस वर्षांची. सहा वेळा दाखवून झालेलं, दर वेळी रजा काढून पुण्याला जाऊन. फोनवर म्हणाली, "दादा, हा शेवटचा. यानंतर मला विचारायचं नाही. आणि या वेळी मी कुठेही जाणार नाही, तो येईल. किती लांब आहे?"

मी एका वेबसाइटवर दोन्ही शहरांची नावं टाकली. साधारण चार हजार सहाशे किलोमीटर, उड्डाणाचा वेळ सहा तास. तसंच सगळ्यांना सांगितलं. काका खूश. "म्हणजे न्यूअर्क ते कॅलिफोर्निया! शुक्रवारी निघाला की शनिवारी पोह्यांना हजर."

मुलाची एका ओळीची ईमेल आली. "थेट विमान नाही. येतो."

वेबसाइटने नकाशावर पट्टी ठेवून रेघ मारली होती. त्या रेघेवरून उडणारं विमान कोणाकडे नव्हतं. मी काकांना तसं म्हटलं.

"विमान नाही म्हणजे काय? अंतर तर सहा तासांचंच आहे ना!"

बहिणीला मी काही बोललो नाही. एक तर कंटाळा आला होता. शिवाय खरं कळलं असतं, तर तिने त्याला येऊच नका म्हणून सांगितलं असतं आणि शेवटचं स्थळही गेलं असतं.

तो आधी युरोपात गेला. तिथे एका बाकावर बसून राहिला. मग वर जाताना ओलांडलेला सहारा खाली येताना पुन्हा ओलांडून नैरोबीला उतरला, आणि तिथून पुढे. शनिवारचे पोहे रविवारी झाले.

त्याच दिवशी तिचा फोन आला. आमच्याकडे सकाळ होती.

"सहा तास म्हणालास ना?"

"वेबसाइट म्हणाली."

"बत्तीस तासांनी पोचला. परतीचं विमान दुपारचं. घरी जेमतेम तीन तास होता. पोहे खाल्ले, पाच मिनिटं टेकतो म्हणाला आणि सोफ्यावर झोपला. दोन तास! मी शेजारी बसून नववीचे पेपर तपासले."

सातवा नकार ऐकायची माझी तयारी झाली होती. "मग काकांना काय कळवू?"

"हो म्हणून कळव."

"झोपलेल्या माणसाला?"

"बाकीचे सहा जागे होते, दादा."

पुढच्या गणपतीत काकांनी अंतर पुसलं गेल्याचं उदाहरण म्हणून हे लग्न माइकवरून सांगितलं. तेव्हा लग्नाला सात महिने झाले होते. ती दार-ए-सलामला होती, तो आक्राला.