फोटू नको, घर पाठव

माझे मालक फौजेत आहेत. लग्नाच्या वेळी होते, आजही आहेत, आणि पेन्शनीला अजून थोडी वर्षं आहेत. त्यांच्याबरोबर मी फारशी राहिले नाही. इस्लामपूरजवळच्या आमच्या गावात ऊस आहे, गोठ्यात म्हैस आहे आणि घरात सासूबाई होत्या. त्यांना मी आत्ती म्हणायची. मुलगी साताऱ्याला शिकायला गेली तेव्हापासून घरात आम्ही दोघीच.

मालक सुट्टी संपवून मिरजेला गाडीत बसले, की दुसऱ्या दिवसापासून सुरू: फोटू पाठव. आता आमच्याकडे फोटो म्हणजे काय, ते सांगायला हवं. मी मोबाईल हातात घेतला, की आत्ती म्हणायच्या, "थांब गं, त्वांड तरी धुती." मग तोंड धुणं, केसाला तेल, ट्रंकेतलं इरकल. त्यानंतर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून दोन्ही हात गुडघ्यांवर, पदर कपाळापर्यंत, आणि चेहरा असा की समोर साक्षात तहसीलदार उभे आहेत. मी "हसा की आत्ती" म्हटलं, की ओठ आणखी घट्ट मिटायचे. शेवटी एकदा मालक फोनवर वैतागले. "ही काय आई हाय? आधार कार्डावरची बाई हाय ही. फोटू नको पाठवूस गं. घर पाठव."

घर पाठव म्हणजे काय, हे समजायला मला एक चैत्र लागला. आमच्याकडे चैत्रात ऊस तुटून गेलेला असतो, कारखान्याचा धूर थांबलेला असतो आणि दारातल्या कडुलिंबाला कोवळा तांबूस पाला येतो. माणसाला जरा बसायला मिळतं. मी न सांगता फोटो काढू लागले. लिंबाखाली पाय पसरून मिरच्यांची देठं खुडणाऱ्या आत्ती. म्हशीशी भांडणाऱ्या आत्ती. त्यांची साखर वाढली होती, डॉक्टरांनी गोड बंद केलं होतं, तरी पाडव्याला गुढीची गाठी उतरवताना एक तुकडा गुपचूप तोंडात टाकणाऱ्या आत्ती. तो फोटो पाठवल्यावर मालकांनी तिकडून आईला फोन करून झापलं, आणि आत्ती दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. "चुगलखोर हाय तुजा फोन," एवढंच म्हणाल्या.

खरं घर सापडलं ते कुरडयांच्या दिवशी. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून, गाळून, खाली बसलेला चीक पहाटे शिजवायचा. हे काम एकटीचं नाही. एकीने ओतायचं, दुसरीने हात न थांबवता घाटायचं, नाहीतर गुठळ्या होतात. घाटायचं काम आत्तींचं. ओतणारीला म्हणजे मला अखंड शिव्या. "बारीक धार धर! म्हशीला पानी पाजतीयस व्हय?" ऊन वर यायच्या आत माडीवर जुन्या धोतरावर कुरडया घालून झाल्या, की पातेल्याच्या तळाचा गरम चीक दूध घालून आम्ही तिथेच बसून खायचो. मागच्या वर्षी तसाच चीक आत्तींच्या हनुवटीला चिकटला. मी डाव्या हातात पदर धरून तो पुसायला गेले. त्या हसल्या. पुढचे दोन दात नाहीत, तोंड उघडं, साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली. "आगं, ल्हान लेकरू हाय का मी?" उजव्या हातात मोबाईल होता, बोट दाबलं गेलं.

मालकांचं उत्तर आलं: "हे घर."

आत्ती थंडीत गेल्या. मालक आले, विधी आटोपले. फ्रेमसाठी फोटो हवा म्हणून सगळे माझ्या मोबाईलवर वाकले. खुर्चीवरच्या फोटोंत कुठे डोळे मिटलेले, कुठे चेहऱ्यावर पदराची सावली. तेवढ्या एका हसऱ्या फोटोत चेहरा लख्ख होता. चुलतदीर तो घेऊन स्टुडिओत गेले. फ्रेम आली तेव्हा मी बघतच राहिले. मागे निळं आभाळ आणि बर्फाचे डोंगर. विटकी साडी जाऊन जरीकाठाची आलेली. स्टुडिओवाल्याने आत्तींना दोन दातसुद्धा बसवून दिले होते. आणि हनुवटीवरचा माझा हात पुसून टाकला होता. त्याची काही चूक नाही, फ्रेममध्ये दुसऱ्याचा हात कोण ठेवतो? आलेगेले म्हणायचे, "आता बोलतील असं वाटतंय." मला तर ती बाई ओळखूच यायची नाही. बर्फात उभी राहून कुणाकडे बघून हसतेय, तेच कळायचं नाही.

मालक ड्युटीवर गेले आणि घरात मी उरले. खरं सांगते, मला फार एकटं वाटतं. सकाळी चहा ठेवताना अजून दोन कप पाणी घेतलं जातं. मला शिव्या देणारं कुणी नाही, याचंच रडू येतं. पण मालकांना हे मी कधी कळू दिलं नाही. तिकडे बंदूक घेऊन उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्याला इथला घोर कशाला? रोज फोन येतो. "कशी हायस?" "बरी हाय की." एवढ्यावर आमचं भागतं.

चैत्र आला, लिंब पुन्हा तांबूस झाला, आणि मालक म्हणाले, "घर पाठवलं न्हाईस लय दिवस." मी लिंब पाठवला, म्हैस पाठवली, गुढी पाठवली. ते म्हणाले, "ह्यात मानूस कुठं हाय?"

म्हणून मी कुरडयांचा घाट घातला. शेजारणीला हाक मारता आली असती, पण आत्तींच्या जागी दुसरं कुणी नको वाटलं. एका हाताने ओतलं, दुसऱ्याने घाटलं. व्हायच्या त्या गुठळ्या झाल्या, सोऱ्या सारखा अडकत होता. कशाबशा दोन ओळी घालून झाल्या. मग मोबाईल माडीच्या कठड्याला टेकवून टायमर लावला, धावत जाऊन चिकाचं ताट मांडीवर घेतलं आणि आत्ती बसायच्या तिथे बसले. फोटो बघितला. पदर कपाळापर्यंत ओढलेला. दोन्ही हात गुडघ्यांवर. ओठ घट्ट. आधार कार्डावरची बाई. तरीही तोच पाठवला, दुसरा कुणाचा पाठवणार?

संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"फोटू बघितला," ते म्हणाले. "किती अवघडून बसलीयस गं."

"ऊन आलं हुतं डोळ्यावर."

"आईचा तसा खुर्चीवरच यायचा. माडीवर न्हाई. तुला हसवाय कुणी न्हाई व्हय तिथं?"

बरी हाय की, हे शब्द माझ्या तोंडात तयार होते. रोजचेच होते.

"न्हाई," मी म्हणाले. "कुणीच न्हाई वं."